कोतवालणीचा

माझ्या आईनं मला आजपर्यंत एकदाही 'माझा मुलगा' म्हटलेलं नाही. माझं वय त्रेसष्ट, तिचं पंच्याऐंशीच्या पुढे. जन्मापासून एकाच घरात राहतो, तिच्या हातचा भात खाऊनच मी एवढा झालो. तरीही घरी आलेल्या पाहुण्यानं विचारलं, की माय, हा तुझा पोरगा का, तर ती सुपातलं पाखडणं न थांबवता म्हणते, "कोतवालनीचा आहे." पाहुणा जवळचा असेल तर हसतो. लांबचा असेल तर आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत राहतो आणि मग मला सगळं पुराण सांगत बसावं लागतं.

पुराण असं आहे. माझ्याआधी आईला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिली आठ दिवसांची, मधला चार महिन्यांचा, तिसरी जेमतेम बसायला लागलेली. आमच्या भागात अशा बाईचं पुढचं मूल जगावं म्हणून ते विकून टाकायची रीत होती. मी जन्मलो तेव्हा गावच्या कोतवालाची बायको सुईण म्हणून आलेली होती. नाळ कापून झाल्यावर तिनं मला सुपात घातलं, मागच्या दारानं नेऊन उकिरड्यावर ठेवलं, मग तिथून उचलून पुढच्या दारानं आत आणलं आणि आईच्या पदरात ओंजळभर कोंडा टाकला. तो माझा भाव. तेव्हापासून पोरगं कोतवालणीचं आणि आई म्हणजे नुसती दूध पाजायला ठेवलेली बाई. मरण पुन्हा दारात आलं तर त्याला या घरात या बाईचं मूल सापडायलाच नको, अशी ती योजना. मरण इतकं भोळं असतं याची लहानपणी मला गंमत वाटायची. पुढे त्याचाच राग यायला लागला.

कोतवालाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. ते दुसऱ्या समाजाचे, त्यामुळे एरवी आमच्याकडे त्यांची ये-जा अंगणापर्यंतच. पण दिवाळीच्या सकाळी मला तेल लावून न्हाऊ घालायचा मान कोतवालणीचा होता. ती दारातूनच हाक द्यायची, की माझा विकतचा कुठे आहे. मी चौथीपाचवीत जाईपर्यंत आनंदानं जायचो. नंतर शाळेतली पोरं चिडवायला लागली, कोंड्याचा भाव विचारायला लागली, आणि मी जाणं टाळू लागलो. एकदा दवनीवाड्याच्या बाजारात तिनं मला लांबून हाक मारली आणि मी ऐकू न आल्यासारखं करून कांद्याच्या ढिगांमागून निघून गेलो. तिला ते कळलं असणार. नंतर तिनं बाजारात कधी हाक मारली नाही.

विकलेलं मूल परत घ्यायचीही रीत असते. मुलाच्या लग्नात हळदीच्या वेळी विकत घेणाऱ्या बाईला लुगडं नेसवायचं, तिच्या पाया पडायचं आणि मूल मागून घ्यायचं. माझ्या वयाचे गावात आणखी दोघे असेच विकलेले होते, ते रीतसर परत आले. माझी कोतवालीण मी अकरावीत असतानाच तापानं गेली. कोतवाल तिच्याआधी गेला होता आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. आता मागायचं कोणाकडून? माझ्या लग्नात वरमायीच्या जागी आईनं काकूला बसवलं आणि स्वतः मांडवाच्या खांबाआड उभी राहिली. विहिणीनं आणलेलं मानाचं लुगडंसुद्धा तिनं काकूच्या मांडीवर ठेवायला लावलं. त्या दिवशी मी कोणाशी धड बोललो नाही. लग्नाच्या फोटोत माझं तोंड फुगलेलं आहे आणि बायको अजून त्यावरून मला टोमणे मारते.

एक सांगून टाकतो, म्हणजे माझ्या मनातलं लपून राहणार नाही. गेलेल्या तिघांविषयी बोलताना आई सरळ 'माही पयली', 'माहा मधला' असं म्हणते. ती तिघं मिळून वर्षभरसुद्धा जगली नाहीत आणि त्यांना ते मिळालं. मी साठ वर्षं तिच्यासमोर बसून जेवलो आणि मला मिळालं नाही. मेलेल्या भावाबहिणींचा हेवा करणारा माणूस कसा असतो ते बघायचं असेल तर गोंदियाला माझ्या दुकानात यावं. बी-बियाण्यांचं दुकान आहे, गल्ल्यावर मीच बसलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या समाजाच्या मंडळानं गावोगावच्या घराण्यांची वंशावळ छापायचं मनावर घेतलं. पूर्वी हे काम भाटाचं होतं. धान निघालं की भाट यायचा, खाटेवर बसून पोथी उघडायचा, सात पिढ्या सुरात म्हणून दाखवायचा आणि धान, धोतर घेऊन पुढच्या गावाला जायचा. त्याची मुलं शहरात नोकरीला लागली आणि पोथी बंद पडली. मग मंडळानं समाजभवनाच्या एका खोलीत एक संगणक, दोन लोखंडी कपाटं आणि चार रिकामटेकडे म्हातारे बसवले. त्यातला चौथा मी. रविवारी दुकान मुलगा सांभाळायला लागला होता आणि घरी बसून मी करणार तरी काय होतो.

काम सोपं असेल असं आम्हाला वाटलं होतं. पण पूर्वज निवडायची मुभा मिळाली की माणूस हात आखडता घेत नाही. पहिल्या चार महिन्यांत शेजारशेजारच्या तीन घरांनी एकच मालगुजार, म्हणजे जुना जमीनदार, आपापला पणजोबा म्हणून लावला. त्या मालगुजाराला एकच मुलगी होती, हे आमच्या सचिवांना ठाऊक होतं. सचिव तहसिलीतून निवृत्त झालेले, सगळं आयुष्य जुन्या कागदांच्या धुळीत गेलेलं. त्यांनी त्या दिवसापासून नियम केला, की झाडावर जे नाव चढेल त्याच्यामागे एक तरी कागद हवा. तोंडी चालणार नाही, मग सांगणारा कितीही मोठा असो.

आणि कागद म्हणजे मुख्यतः कोतवालाचं पुस्तक. जुन्या काळी गावात कोणी जन्मलं किंवा मेलं की कोतवाल आपल्या पुस्तकात त्याची नोंद करायचा आणि आठवड्याला ठाण्यात जाऊन सांगून यायचा. ती पुस्तकं आता तहसिलीच्या अभिलेख कक्षात लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून ठेवलेली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्यांच्या नकला काढायला येतात. आमच्या गावच्या पुस्तकात बापाच्या नावाशेजारी आईच्या नावाचाही रकाना आहे, हे सचिवांनी मला सहज बोलता बोलता सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

मला पणजोबांचं काही पडलेलं नव्हतं. मला एक ओळ हवी होती. शाळेच्या दाखल्यावर बापाचंच नाव असतं, आधार कार्डावरही बापाचंच. पण त्या पुस्तकात कुठेतरी माझ्या आईचं नाव असेल आणि त्याच ओळीत पुढे 'मुलगा' असं लिहिलेलं असेल, तर तो मी. ती तोंडानं म्हणत नसेल तर न म्हणो, सरकार तर म्हणत होतं. या वयात असल्या गोष्टीसाठी जीव तुटावा याची मला लाज वाटत होती, म्हणून मी सचिवांना सांगितलं, की आमच्या गावाची पुस्तकं मीच बघतो, तुम्ही कशाला त्रास घेता.

अभिलेख कक्षातला बाबू भला माणूस होता. "देख लो भाऊ, आरामसे देखो, पण पान नाही फाटलं पायजे," एवढंच म्हणून त्यानं माझ्यासमोर बस्ता सोडला. पानं पिवळी पडून कडांना झिजलेली होती. अक्षर मात्र ठळक होतं, कारण कोतवालाला लिहिता येत असे आणि त्याचा त्याला अभिमान होता, असं आई सांगायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मला तिघं सापडली. बापाचं नाव, आईचं नाव, मुलगी. मग मृत्यूच्या भागात तीच मुलगी, आठ दिवस, ताप. मग मुलगा. मग पुन्हा मुलगी. ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो. मला ती तिघं आतापर्यंत आईच्या बोलण्यातली वाटायची, तिथे ती एकदम खरी झाली.

माझ्या जन्माच्या वर्षाचं पुस्तक मी तीनदा चाळलं. आईच्या नावाची ओळच नव्हती. चौथ्या वेळी मी नावं सोडून तारीख बघत गेलो आणि तारीख सापडली. जातीच्या रकान्यात कोतवालाची जात. बापाच्या रकान्यात कोतवालाचं नाव, आईच्या रकान्यात कोतवालणीचं, आणि पुढे त्याच ठळक अक्षरात, मुलगा. तेव्हा कोतवालाच्या घरात मूल जन्मलं नव्हतं, कधीच जन्मलं नव्हतं, हे आख्ख्या गावाला माहीत होतं. त्यानं गावच्या रीतीला धरून सौदा सरकारदरबारी पक्का करून टाकला होता. मी म्हटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आईला तिघांच्या नकला वाचून दाखवल्या. माझ्या ओळीबद्दल बोललो नाही. तिनं तिन्ही नोंदी दोनदा वाचायला लावल्या. मधल्याचं वय पुस्तकात तीन महिने लिहिलेलं होतं, ते तिनं चुकीचं ठरवलं. चार महिने आणि वर काही दिवस, म्हणाली, तो पालथा पडायला लागला होता. मग पदरानं डोळे पुसले आणि भात टाकायला उठली. चौथ्या ओळीचं तिनं विचारलं नाही.

सचिवांना मी रविवारी नक्कल दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाले, की ही नक्कल मी पाहिलीच नाही असं समजा, शाळेचा दाखला लावा आणि मोकळे व्हा, समाजाच्या पुस्तकात हे असलं कशाला. त्या 'असलं'चा मला संताप आला. साऱ्या गावाच्या नाळा त्या बाईनं कापल्या, तेव्हा कोणाला काही अडलं नव्हतं. मी म्हटलं, दाखला नको. नियम तुम्हीच केलाय, तर मी कागदच आणतो. माझी आई जिवंत आहे, तिचं शपथपत्र आणतो.

सचिवांना वाटलं मी नियमाला धरून आहे. नियम गेला खड्ड्यात. मला आईचा अंगठा हवा होता. तिनं एकदा तरी, निदान शाईनं, मला आपला म्हणावं, एवढंच होतं. ओळखीच्या वकिलाकडून मी मजकूर तयार करून घेतला. आठ ओळींचा होता. त्यातली पाचवी ओळ मी दुकानात बसल्या बसल्या इतक्यांदा वाचली की पाठ झाली: सदर इसम हा माझ्या पोटी जन्मलेला माझा सख्खा मुलगा आहे. पोराच्या नजरेत येऊ नये म्हणून तो कागद मी बियाण्यांच्या दरपत्रकाखाली ठेवायचो.

दुपारी जेवणं झाल्यावर आई पडवीत लाखोळीचे दाणे निवडत बसली होती. मी शेजारी बसलो, कागद काढला, शाईचं पॅड उघडून ठेवलं आणि सगळं सांगितलं. पुस्तकात मी कोतवालणीच्या नावावर निघालो आहे, ते खोडून निघायला तिची शपथ लागेल, तिनं अंगठा दिला की मी तिच्या नावाखाली त्या तिघांच्या ओळीत जाईन. मग आठही ओळी वाचल्या. तिनं हातातली लाखोळी सुपात ठेवली आणि विचारलं, हे किती लोक वाचतील. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, छापणार आहेत, घरोघरी जाईल, सगळे वाचतील.

तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"मी नाई लावत आंगठा."

मी विचारलं, काऊन. मग एकेक सगळं ओकलो. पाहुण्यांसमोर, लग्नात, आयुष्यभर तू मला परकं ठेवलंस, आता या वयात तरी का, असं बरंच. मी म्हातारा माणूस सहावीतल्या पोरासारखा भांडत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. माझं संपल्यावर तिनं सांगितलं, की कोतवालानं चूक केलेली नव्हती. पुस्तकातही तुझ्याच घरचा म्हणून टाक, असं तिनंच कोतवालणीच्या पाया पडून सांगितलं होतं, कारण बोललेलं विसरतात पण लिहिलेलं कोणीही वाचतं.

"त्या तिघाइले मी माहे म्हनली," ती म्हणाली. "छातीशी धरून माहे म्हनली. एक तरी राहिला का? तुले कधी म्हनली नाई. तू राहिला."

मी म्हटलं, माय, मी त्रेसष्टचा आहे, आता मला कोण न्यायला बसलंय. ती म्हणाली, मरण वय विचारत नाही. आणि मग एक गोष्ट तिनं सांगितली, ती मला कोणीच सांगितली नव्हती. गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं, गोंदियाच्या दवाखान्यात मला आत नेलं, नळीतून तार टाकली. बायको औषधं आणायला धावत होती आणि आई बाहेर बाकावर एकटी होती. नर्सनं येऊन विचारलं, आजी, पेशंटच्या तुम्ही कोण?

"मी म्हनली, कोनी नव्हो बाई, गावची आहो."

एवढं बोलून तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तिच्या बोटांना दाणा आणि खडा वेगळा करता येईना, तरी ती निवडत राहिली. तीन तास त्या बाकावर ती गावची म्हणून बसली होती. नर्सनं तिला आत येऊ दिलं नव्हतं, कारण फक्त घरच्यांना सोडत होते. मी शाईचं पॅड मिटलं आणि तिच्या सुपातले खडे काढायला लागलो.

सचिवांना मी फोन करून कळवलं, की आमच्या झाडावर कोतवालाच्या पुस्तकात आहे तेवढंच ठेवा, दाखलाही लावू नका, शपथपत्रही येणार नाही. ते बिचारे हादरले. बापाच्या खाली तीन आणि तिन्ही मयत, अहो, वंश खुंटल्यासारखं दिसेल, तुमच्या नातवंडांनी उद्या काय समजायचं, असं बरंच समजावत राहिले. त्यांचं खरं होतं. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती कशानंतर, ते मी सांगितलं नाही आणि मला त्याचा विचारही करायचा नव्हता.

या उन्हाळ्यात पुस्तक छापून आलं. जाडजूड, चकचकीत कव्हर, आत मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो. चौथा मी. त्यातही माझं तोंड फुगलेलंच आहे, असं बायकोचं म्हणणं. मी आमच्या घराण्याचं पान उघडून आईच्या मांडीवर ठेवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचं बोट धरून मी एकेका चौकटीवर फिरवलं. हे बाबा. ही तू. खाली ही पयली, हा मधला, ही तिसरी. त्या तिघांवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग ते आपणहून उजवीकडे सरकलं, जिथे चौथी चौकट असायला हवी होती तिथे.

"इथं काही नाई ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, कोरं आहे.

"नीट पाह्य."

मी चष्मा लावून नीट पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं त्या कोऱ्या जागेवर आपला तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.